मेलेल्यांनीसुद्धा बसायचं नाही

नाटकात सगळेच मेलेले होते, त्यामुळे नेपथ्याला फारसे काही लागणार नव्हते. एक खुर्ची तेवढी हवी होती.

"जुनी पाहिजे," सेक्रेटरी म्हणाले. इमारतीचे ते सेक्रेटरी, आणि स्पर्धेसाठी बसवलेल्या या नाटकाचे लेखक-दिग्दर्शकही तेच. "अनंतकाळ कुणी बसलंच नाही, अशी."

"आमच्याकडे आहे तशी," तिसऱ्या मजल्यावरची सून म्हणाली आणि तिने लगेच जीभ चावली.

ती खुर्ची तिच्या दिवंगत सासऱ्यांची होती. बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ असे. कुणी पाहुणा तिच्याकडे वळला, की सासूबाई "इकडे सोफ्यावर या, इकडे वारा लागतो" म्हणत आणि नवरा हलक्या आवाजात सांगे, "बाबांची खुर्ची." पाहुणा खुर्चीकडे आदराने पाही आणि सोफ्यावर अंग चोरून बसे.

सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले. "नाटकात कोण बसणार तिच्यावर?"

"कुणीच नाही, आई. तीच तर गंमत आहे."

"नक्की ना? तुझ्या शब्दावर देतेय."

सुनेचा शब्द म्हणजे शब्द होता. ती वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करी, आणि वजनाच्या बाबतीत तर तिला खोटे बोलताच येत नसे. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी एकदा हौसेने विचारले होते, "अंदाजे किती असेन हो मी?" तिने अंदाज सांगितला. नंतर बरेच दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

आता तेच दंतवैद्य नाटकात मेलेले न्यायाधीश होते. शिवणक्लासच्या बाई मेलेली नर्तकी होत्या. सून 'विस्मृती' होती, म्हणजे जगताना काय केले हे न आठवणारी बाई. मृत्यूनंतरच्या खोलीत तिघे एका खुर्चीसाठी भांडत आणि बसायचे धाडस मात्र कुणालाच होत नसे.

"पण खुर्ची म्हणजे नेमकं काय?" सुनेने विचारले.

"प्रतीक."

"कशाचं?"

"ते मी सांगितलं तर प्रतीक कसलं?"

"अधिकाराचं," दंतवैद्य म्हणाले.

"विश्रांतीचं," शिवणक्लासच्या बाई म्हणाल्या. "दिवसभर पायमशीन चालवून बघा, मग कळेल."

सुनेच्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. रिकाम्या खुर्चीपासून माणसाला दूर ठेवणारी ही कुठली शक्ती? तिने घरी नीट निरीक्षण केले होते. सासूबाई खुर्ची पुसत, पण फडके नुसते फिरवत. झोपलेल्या बाळाला जाग येऊ नये, इतक्या बेताने. आठवण, असा निष्कर्ष तिने काढला. तो तिला पुरेसा वाटला नाही, पण दुसरा सापडत नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी पडदा उघडायच्या जरा आधी सेक्रेटरी विंगेत धावत आले. "शेवट बदललाय! न्यायाधीश बसतो!"

"बसतो?" सुनेने त्यांची बाही धरली. "का?"

"आतून आलं. जागा घ्या!"

नाटक शेवटाकडे आले आणि न्यायाधीश खुर्चीकडे निघाले. सून आडवी आली. "थांबा! ही... ही रिकामीच राहू द्या."

हे वाक्य संहितेत नव्हते. आपला शेवट ही बाई खाणार, असे दंतवैद्यांना वाटले. "बाजूला हो, विस्मृते!" असे गरजून ते तिला वळसा घालून गेले आणि त्यांनी बसायला गुडघे वाकवले.

"अहो, बसू नका!"

आवाज पहिल्या रांगेतून आला होता. सासूबाई पायऱ्या चढून थेट रंगमंचावर आल्या आणि खुर्चीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आपण कोण?" दंतवैद्यांनी न्यायाधीशाचा आवाज कसाबसा टिकवला.

"खुर्चीची मालकीण."

"इथे सगळे मेलेले आहेत, बाई."

"असू देत. मेलेल्यांनीसुद्धा बसायचं नाही."

टाळ्या पडल्या.

"मग बसायचं तरी कुणी?"

"कुणीच नाही. एवढंच माझं म्हणणं आहे."

सेक्रेटरींनी डोळे पुसत पडदा टाकला.

परीक्षक भारावून बोलत होते. 'नियतीच्या प्रवेशाने' खुर्चीला काय परिमाण लाभले, ते सांगत होते. तेव्हा विंगेत सासूबाई सुनेच्या कानाशी लागल्या.

"पाय मोडका आहे गं तिचा."

"काय?"

"ह्यांनी स्वतः बसवला होता. अख्ख्या इमारतीला दाखवला. म्हणे, हत्ती बसला तरी हलायची नाही. मी नुसती टेकले, तर धाडकन खाली! ते बाहेर गेले होते, म्हणून बरं. सुतळीनं आवळून ठेवला, आणि त्यांना म्हटलं, इतकी सुरेख झालीय, वापरायची नाही, जपू या."

"बाबांना कधीच कळलं नाही?"

"मी कळू देते होय!"

"पण आई, आता तर ते..."

"आता तर मुळीच कळायला नको. आता ते येऊन दुसरा पाय बसवणार आहेत का?"

करंडक मिळाला. घरी सगळी मंडळी जमली. खुर्ची जागेवर आली आणि नवऱ्याला गहिवरून आले. "बाबांचाच आशीर्वाद," असे म्हणत त्याने करंडक, सासूबाईंना तोंड उघडायलाही वेळ न देता, खुर्चीवर ठेवला.

कडकन आवाज झाला. खुर्ची कलंडली, करंडक घरंगळत सोफ्याखाली गेला.

"बाबांची खुर्ची!" नवरा पुटपुटला. "बाबांनी तर हत्तीची खात्री दिली होती."

"मग करंडकच जड असणार," सेक्रेटरी म्हणाले.

"एवढा जड?" दंतवैद्यांनी खुर्चीच्या पायाकडे वाकून पाहायला सुरुवात केली. "हिलाच विचारा ना. हिला कळतं."

सगळे सुनेकडे पाहू लागले. तिने सोफ्याखाली हात घातला. करंडक पोकळ पत्र्याचा होता. दोन बोटांत आला असता. पलीकडे सासूबाई तुटलेली सुतळी मुठीत दडवत होत्या आणि तिच्याकडेच बघत होत्या.

"फार जड आहे," सून म्हणाली.

दंतवैद्य सरळ झाले. "ही म्हणते म्हणजे असणारच. माझा अनुभव आहे."

"जपून उचल गं," सासूबाई म्हणाल्या, "कंबर धरेल."

सुनेने करंडकाला दोन्ही हातांचा विळखा घातला आणि धापा टाकत तो उचलला. नवरा मदतीला धावला.

"तू राहू दे," ती घाईघाईने म्हणाली.