मागाचा ठोका

"आप्पा, मधनं उठायचं न्हाय," राजेश्वरीनं बापाला तिसऱ्यांदा बजावलं. "दोन नाच हायेत. दुसरा तुमच्यावरच हाय."

वडगावच्या परशराम आप्पांनी चाळीस वर्षं साडीचा यंत्रमाग चालवला आणि त्यातली दहा लेकीच्या नाचाला विरोध करण्यात घालवली. आता आमची पुण्याची नृत्यमंडळी दौऱ्यावर त्यांच्याच बेळगावात आली होती. दोन्ही नाच राजेश्वरीनंच बसवले होते. बापाच्या तोंडून एकदा तरी 'बरं हाय' ऐकायचं, म्हणून तिनं आईबापांना पहिल्या रांगेत बसवलं.

पहिला नाच 'स्तब्धता'. पडदा उघडला, सहा जण आडवे पडले आणि बारा मिनिटं तसेच राहिले. अर्थ पत्रकात छापला होता. तो अस्मादिकांनीच लिहिलेला, त्यामुळे कुणालाच कळला नाही.

"झोपल्यात काय गं?" आप्पांनी बायकोला विचारलं.

"गप बसा की," चंपाबाई म्हणाल्या. "दमल्यात बिचारी. लांबनं आल्यात."

दुसरा नाच 'माग'. राजेश्वरीनं घरच्याच मागाचा आवाज मोबाईलवर भरून नेला होता. आवाजाची बाजू सांभाळणाऱ्या आमच्या शिवराजनं त्यात कला केली, म्हणजे दर चौथा ठोका गाळला. कमरेला दोऱ्या गुंडाळून राजेश्वरी गिरक्या घेऊ लागली. आप्पा कान टवकारून पुढं झुकले. ते बघून पोरीचा ऊर भरून आला.

तेवढ्यात आप्पा उठलेच. "बंद करा! ठोका चुकतोय! धोटा अडकलाय!"

राजेश्वरीच्या काळजाचाही ठोका चुकला. आप्पा तोवर धोतर सावरत स्टेजवर. शिवराजनं घाबरून आवाज बंद केला.

"ताणा आसा धरत्यात व्हय रं?" म्हणत आप्पांनी लेकीच्या कमरेच्या दोऱ्या सोडल्या, बाकीच्या नाचणाऱ्यांच्या हातात सरळ ताणून दिल्या आणि तोंडानंच ठोका धरला. "खटाक-फट, खटाक-फट! हां, आता चल, राजे!"

राजे काय करणार? नाचली. आणि खरं सांगायचं तर इतकी झकास ती आमच्या तालमीत कधी नाचली नव्हती. लोक उभं राहून टाळ्या पिटत होते.

"आप्पा, उद्या निपाणीला तुम्ही पाहिजेच," पडदा पडल्यावर शिवराजनं हात जोडले.

"येतो की. पण मला पहिल्या नाचात घाला."

"पहिल्या?" राजेश्वरी चमकली.

"व्हय. चाळीस वर्सं मागाफुडं उभा हाय मी. नुस्तं पडून ऱ्हायाला बी नाच म्हणत्यात, हे आदी सांगितलं आसतंस तर तुला आडवलं कशाला आसतं गं?"