तिसरीच्या दोन बरण्या

मंगळवारी सकाळी मी दूध तापवत असताना शाळेचा निरोप आला, की तिसरीच्या वर्गांची शांतता बरण्यांत भरून तयार आहे, पालकांनी घेऊन जावी. मी दूध वर येईपर्यंत थांबलो, गॅस बंद केला आणि निघालो.

नगरपालिकेने ही शाळा संस्थेला चालवायला दिल्यापासून प्रवेश असेच होतात. पूर्वी पालक खिडकीतून वर्गात डोकवायचे, मुलं त्यांना बघून शहाण्यासारखी बसायची, आणि काहीच कळत नसे. आता शिक्षकाला न सांगता एका तासाची शांतता भरून घेतात, तोंडाला फडकं बांधतात आणि घरी उघडून बघायला देतात. बरणी लोणच्याचीच असते, पण धुतलेली.

मला दोन मिळाल्या. एक घैसास सरांच्या वर्गाची. सर निवृत्तीला आलेले. दुसरी तांबोळी मॅडमच्या वर्गाची. त्या गेल्या वर्षीच लागल्या. माझ्या मुलीला, जुईला, कोणाकडे घालायचं ते ठरवायचं होतं. तिची आई, शुभदा, गणपतीच्या आधी गेली. तेव्हापासून जुई विचारलं तर बोलते, तेही ‘हो’ किंवा ‘नाही’.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या भोसेकर वहिनी भेटल्या.

“भावजी, डोळे मिटून घैसास घ्या,” त्या म्हणाल्या. “काल आम्ही उघडली. आमच्या ह्यांनी आपण होऊन बातम्या बंद केल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.”

“आणि तांबोळी मॅडमची?”

“तिला शांतता म्हणायचं तर मासळीबाजाराला काय म्हणायचं? वर्ग हातात राहत नाही हो तिच्या. अनुभव नको का?”

संध्याकाळी आम्ही घैसास सरांची उघडली. चांगली दाट होती. कुकरची शिट्टी झाली ती फक्त दिसली.

“काही फरक वाटतो का गं?” मी जुईला विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. मलाही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवताना तांबोळी मॅडमची उघडली. आधी बाक सरकला, मग कोणीतरी शिंकलं आणि सगळा वर्ग हसला. मग एक मुलगा म्हणाला, “मॅडम, याने माझं खोडरबर खाल्लं.”

“पूर्ण खाल्लं का अर्धं?” मॅडमनी दमलेल्या आवाजात विचारलं.

जुईने हातातला घास ताटात ठेवला आणि बरणीवर वाकली. “अर्धं असेल तर उरलेलं परत दे म्हणावं त्याला.”

तो तास गेल्या आठवड्यातला होता, तरी उत्तर आलं.

“उरलेलं ओलं आहे,” मुलगा म्हणाला.

“मग वाळत घाल,” जुई म्हणाली, आणि हसली. आमटी गार झाली. मी ती पुन्हा तापवली नाही.

परत देताना एक अडचण आली. आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नाही, ही शुभदाची पद्धत; ती वाटीत निदान साखर तरी घालायची. साखर संपली होती. म्हणून मी घैसास सरांची बरणी दुपारभर तिच्या शिवणयंत्रापाशी उघडी ठेवली. भरल्यावर फडकं बांधलं आणि शाळेत नेली.

मुख्याध्यापिका खांबेटे बाईंनी रिवाजाप्रमाणे फडकं सोडून पाहिलं. बाहेर मैदानावर लेझीम चालली होती, ती ऐकू येईनाशी झाली. बाईंनी घैसास सरांना बोलावून घेतलं. सर येऊन बरणीवर वाकले. मग त्यांनी चष्मा काढला.

“ही माझी नाही,” ते म्हणाले. “माझी इथवर कधी पोचली नाही.”

“कुठला वर्ग हा?” बाईंनी मला विचारलं.

“घरची आहे.”

“अनुभव किती वर्षांचा?”

“आठ महिने.”

“आठ महिन्यांत एवढी?” बाई म्हणाल्या. “डी.एड. केलंय का तुम्ही?”

“नाही. मी बँकेत असतो.”

“बघू, संस्थेशी बोलता येईल. सरांची जागा भरायचीच आहे. हे कळलं तर पालक रांग लावतील.”

मी विचार करून सांगतो म्हणालो. बाईंनी प्रवेशाचा कागद पुढे ओढला. “मुलीला सरांच्या तुकडीत ना? म्हणजे आता तुमच्याच.”

“तांबोळी मॅडमच्या.”

“तिथे गोंगाट असतो, कल्पना आहे ना?”

“आहे.”

“अहो, घरात इतकी शांतता राखणारा माणूस, आणि मुलीला तिकडे घालता?”

“माझ्या या घरच्या तुकडीत ती आठ महिने बसली आहे,” मी म्हणालो.

बाईंनी घैसास सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा घातला, बरणीचं फडकं पुन्हा बांधलं आणि म्हणाले, “तांबोळींकडे लिहा.” बाईंनी लिहिलं.

“आणि त्यांची बरणी?” बाईंनी विचारलं.

“आणून देतो,” मी म्हणालो.

ती आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. खोडरबर वाळलं, पण ते नक्की कोणाचं यावर जुई आणि त्या मुलाचं अजून एकमत नाही. मी साखर आणून ठेवली आहे. बरणी परत द्यायची राहिली आहे.