बेस हाय, जवाईबापू!

एका रविवारी सकाळी मी एक सीडी पुसायची ठरवली. बस्स, एवढंच! माणसानं एवढं ठरवलं तर त्यात वाईट काय आहे? पण मी काही ठरवलं की आमची कुंदा आधी फुटणाऱ्या वस्तू उचलून आत ठेवते. (मागं एकदा मी फक्त पंख्याचं पातं पुसायचं ठरवलं होतं. तो पंखा आता आमच्याकडे नाही.)

कुंदा म्हणजे माझी बायको. मी यज्ञेश्वर, आर्णीतल्या एका शाळेत कारकून. आणि आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला आहे तो माझा स्टिरिओ. नोकरी लागल्यावर हौसेनं घेतलेला, दोन भलेमोठे लाकडी स्पीकर आणि मध्ये सीडी प्लेअर. कुंदा त्याला ‘डब्बा’ म्हणते. त्या डब्ब्याच्या जागेवर तिला पीठ दळायची घरगुती चक्की हवी होती.

“डब्बा नाही तो. स्टिरिओ आहे,” मी म्हणायचो.

“दळून देते काय?”

मी स्टिरिओवरची धूळ पुसायला घ्यायचो.

पण ती सीडी साधी नव्हती. माझ्या सासूबाई बेबीताई बोरी अरबच्या भजनी मंडळात गायच्या, आणि मंडळानं एकदा यवतमाळला जाऊन आपली सीडी काढली होती. सासूबाई गेल्या, सीडी राहिली. आमच्या स्टिरिओवर ती लावली की ढोलकी ऐकू यायची, झांजा ऐकू यायच्या, मागं कोणीतरी खोकलेलंसुद्धा ऐकू यायचं. बेबीताई मात्र विहिरीत उतरून गायल्यासारख्या वाटायच्या. कुंदा दोन ओळी ऐकायची, डोळ्याला पदर लावायची आणि बंद करायची. “आईचा आवाज असा नव्हता,” म्हणायची. मला फार वाईट वाटायचं.

तर मी सीडी पुसत होतो आणि कुंदा म्हणाली, “पुढच्या रविवारी बाबा येऊन राह्यले. त्याईले ऐकवा. आईचा आवाज वळखू आला त डब्बा राह्यला. नाई आला त भंगारवाला. आणि एक रुपया लावाचा नाई!”

शेवटचं वाक्य तिनं मी तोंड उघडायच्या आत टाकलं. (मी नवीन अँप्लिफायरबद्दलच बोलणार होतो. बायकोला कळतंच.)

मग मी इंटरनेटवर वाचायला बसलो. फुकटात आवाज सुधारायचे इतके उपाय निघाले की मला आनंदानं उचकी लागली. पहिला उपाय, सीडी गोल-गोल पुसू नये, मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसावी. मी एका जुन्या मऊ साडीचा तुकडा घेतला. (ती साडी जुनी होती की नाही, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत.)

दुसरा उपाय, स्पीकर भिंतीला चिकटून जमिनीवर ठेवू नयेत. ते कानाच्या उंचीवर आणि जड, न हलणाऱ्या वस्तूवर पाहिजेत. आमच्या घरात जड आणि न हलणारं असं, मी सोडून, फक्त गव्हाचे पिपे होते. तेलाचे रिकामे पिपे धुऊन कुंदा त्यात गहू भरून ठेवते. मी ते हॉलमध्ये ओढत आणले आणि एकावर एक रचून त्यांच्यावर स्पीकर चढवले. समोर बरोबर मध्ये माझी खुर्ची. आवाज खरा ऐकू येतो तो त्या खुर्चीतच, असं शास्त्र आहे.

तिसरा उपाय सगळ्यात भारी. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो म्हणे, म्हणून भिंतींवर जाड कापडं टांगावीत. सासरे यायच्या रविवारी सकाळी मी घरातल्या यच्चयावत गाद्या, रजया आणि चादरी आधी अंगणात नेऊन झटकल्या, उन्हात टाकल्या आणि मग एकेक आत नेऊन खिळ्यांना टांगू लागलो. तेवढ्यात शेजारच्या हंसाबाई फाटकाशी आल्या.

“काहून वो यज्ञेश्वरभाऊ, सारं अंथरूण बाहेर?”

“आवाजासाठी, हंसाबाई.”

“आवाज करतेत? बाप्पा! मंग भल्ले मोठे झाले असतीन.”

“हाव, मोठेच आहेत. दोन आहेत.”

“दोनच दिसले काय तुमाले? दिसतेत दोन, असतेत दोनशे!”

मी ‘हाव हाव’ म्हणून रजई उचलली. मला वाटलं, त्या स्पीकरबद्दल बोलताहेत. त्या ढेकणांबद्दल बोलत होत्या, हे मला सासरे आल्यावर कळलं.

माझे सासरे वामनराव. बोरी अरबला त्यांचं कापसाचं आणि तुरीचं शेत. माणूस मोजकं बोलणारा, आणि मी कामाचा नाही हे लग्नातच ओळखलेला. ऑटोतून त्यांनी तुरीचे दोन गच्च भरलेले कट्टे, म्हणजे पोती, उतरवून घेतले, फाटकाशी हंसाबाईंशी दोन शब्द बोलले आणि घरात येऊन हॉलच्या मधोमध उभे राहिले. धोतराचा सोगा हातात, वर धरलेला.

“बसा ना, मामाजी.” मी खुर्ची पुढं केली.

“उभाच बरा हाय मी.”

“अहो, बसल्याशिवाय मजा नाही येत.”

“बसल्यावर काय मजा येते, ते माहीत हाय मले,” असं म्हणून ते खुर्चीच्या फटीत वाकून पाहू लागले.

“बाबा, बसत काहून नाई?” कुंदानं विचारलं, आणि त्यांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. कुंदानं माझ्याकडे असं पाहिलं की मला भंगारवाल्याची हाक आपल्या दारातच ऐकू आली. ढेकूण नाहीत, हे मी देवाची शपथ घेऊन सांगितलं. कुंदानं सांगितलं. उपयोग नाही. भिंतीवर गाद्या टांगलेल्या घरात कोण विश्वास ठेवणार!

शेवटी मी उभ्या सासऱ्यांसमोर सीडी लावली. बेस, म्हणजे आवाजातला घुमणारा खर्ज, फुल केला होता. ढोलकी सुरू झाली. मी श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

“बेस हाय,” वामनराव म्हणाले.

मी पटकन बेसचं बटण खाली आणलं. “आता?”

“काहून कमी केलं? बेस होतं ना!”

“बेस होता, म्हणूनच कमी केला.”

“बेस होतं त कमी कायले करता?”

“म्हणजे वाढवू?”

“काय?”

“बेस.”

“आता तुमीच बेस म्हणून राह्यले, त वाढवाचं कायले?”

कुंदा पोट धरून भिंतीला टेकली आणि तिच्या अंगावर रजई पडली. आतूनच ती हसत म्हणाली, “अहो, बाबा म्हणतेत चांगलं हाय! आपल्याकडं चांगल्याले बेसच म्हणतेत ना!”

अरेच्चा! मीही जन्मभर चांगल्याला बेसच म्हणत आलो. पण आठवडाभर इंटरनेट वाचून माझी भाषाच बाटली होती. मी खूश होऊन बेस पुन्हा फुल केला आणि तिथंच घात झाला. डावीकडचा पिपा झणझण वाजू लागला. ढोलकीचा एक ठोका आणि पिप्याचे चार.

“पिपा कसा वाजते?” मी ओरडलो.

“गहू नेले ना मी दळाले!” कुंदा म्हणाली. “बाबाईसाठी पोळ्या कायच्या करू? घरी चक्की असती त...”

आणि वामनराव हळूच म्हणाले, “हे सारं बेस हाय, जवाईबापू. पण बेबी कोठी हाय यात?”

मी स्वतःही ऐकत होतो. ढोलकी होती, झांजा होत्या, तो खोकणाराही होता. बेबीताई विहिरीतच होत्या. कुंदाचं हसू मावळलं. तिनं रजईची घडी घालायला घेतली, आणि त्या घडीत मला माझा स्टिरिओ बांधला जाताना दिसला.

पण मी हरणाऱ्यांतला नाही! (म्हणजे आहे, पण त्या दिवशी नव्हतो.) माझी नजर दाराशी पडलेल्या तुरीच्या कट्ट्यांवर गेली. दगडासारखे घट्ट, वाजण्याचं नाव नाही. मी पिपे बाजूला केले, खाली स्टूल घेतले, एकेक कट्टा ओढत आणून त्यांच्यावर चढवला आणि वर स्पीकर ठेवला. या धावपळीत डाव्या स्पीकरची तार निघाली. दोन टोकं, एक लाल, एक काळं. मागं दोन भोकं. घामानं डोळे चुरचुरत होते, मी हाताला लागलं ते टोक सापडलं त्या भोकात कोंबलं आणि बटण दाबलं.

आणि बेबीताई गायल्या.

शपथेवर सांगतो, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून, टीव्हीच्या पुढ्यातून! जणू सतरंजी टाकून तिथं मांडी घालून बसल्या आहेत. शब्द न् शब्द स्पष्ट. ओळ संपताना त्यांनी श्वास घेतलेला ऐकू आला. कुंदाच्या हातातली रजई गळून पडली.

“आई,” ती म्हणाली.

वामनराव सोगा सोडून दोन पावलं पुढं आले आणि माझ्या खुर्चीत बसले. बसलोय हेही त्यांना कळलं नसावं. दोन्ही हात गुडघ्यावर, डोळे मिटलेले. भजन संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग टोपीनं डोळे पुसत म्हणाले, “डब्बा कुठं जात नाई. चक्की मी घेऊन देतो, पोरी, ते आत ठेव. आणि जवाईबापू...”

“जी?”

“तुमी कामाचे हा.”

लग्नानंतर पहिल्यांदा! मी कॉलर ताठ केली आणि एक फेरी अंगणात मारून आलो. हंसाबाईंना मुद्दाम सांगितलं, “ढेकूण नाहीत, स्टिरिओ आहे!” (नंतर स्पीकरमागं वाकून पाहिलं, तर लाल तार पहिल्यांदाच लाल भोकात होती. इतकी वर्षं ती उलटी होती, आणि एक उलटी असली की गाणाऱ्याचा आवाज असाच हरवतो म्हणे. ती उलटी कोणी लावली होती, याची चौकशी मी या घरात होऊ देणार नाही.)

तेव्हापासून स्टिरिओ जागच्या जागी आहे. तुरीचे कट्टेही आहेत. वरण करायला कुंदा तूर दुकानातून आणते, पण कट्टे कोणाला उघडू देत नाही. वामनरावही आहेत. शेताकडं चक्कर टाकतात आणि संध्याकाळच्या बसनं परत येऊन माझ्या खुर्चीत बसतात. त्यांना तिथून उठवायची माझी काय बिशाद!

चक्की स्वयंपाकघरात आली, आणि बेबीताईंच्या भजनात तिचा आवाज नको म्हणून दार लावून दळण काढायचं काम माझ्याकडं आलं. परवा दळण संपलं, चक्की थांबली आणि मी पिठानं पांढरा होऊन दाराला कान लावून उभा होतो. पलीकडून कुंदानं प्रेमानं विचारलं, “अहो, आतून काय ऐकू येते?”

“बेस,” मी म्हटलं. बंद दारातून तेवढाच येतो.