मन्मथप्पांची तबकडी

मन्मथप्पांना जगातली कुठलीही गोष्ट कापडाच्याच भाषेत सांगता यायची. देवणीला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर आणि पुढच्या बाजूला कापडाचं दुकान. माझ्यासाठी मुलगी पाहून आल्यावर त्यांनी एवढाच शेरा मारला, "घट्ट इनीची हाय, इरायची न्हाई." पाऊस शिंपडून गेला की म्हणायचे, "लंगोटीपुरता झाला." आणि कुणी त्यांच्या बोलण्यावर शंका घेतली, तर ठरलेलं वाक्य होतं, "मापात खोट निगाली तर गज मोडून हातात देतो!" तशी वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

म्हणून त्या दुष्काळी उन्हाळ्यात अप्पा म्हणाले की आभाळात गोल, लख्ख तबकडी दिसली, तेव्हा गाव आधी चपापलं आणि मग पोट धरून हसलं. "अप्पा, आज काय उतरलं का?" असं विचारून लोक कापड न घेताच जायचे. पुतण्या तर उघड म्हणायला लागला, की काकू गेल्यापासून काकांचं डोकं ठिकाणावर नाही, आता गादीवर मीच बसतो. अप्पांना ते फार लागलं.

"येडा ठरलो तर माज्या मापावर कोण इस्वास ठिवंल?" म्हणाले, आणि लातूरला अर्ज ठोकून मोकळे झाले.

लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. नव्या कचेरीचा हुरूपही नवा. टँकरचे अर्ज ढिगानं होते, तबकडीचा एकच, त्यामुळे तो थेट लष्करापर्यंत गेला. एके दुपारी फुफाटा उडवत जीप आली. टँकर समजून बायका घागरी घेऊन धावल्या आणि खाली उतरलेल्या मेजरसाहेबांनाच त्यांनी विचारलं, "पाइप कुठाय?"

चौकशी अप्पांच्या ओट्यावर झाली.

"रंग कैसा था?"

"धुलेला मांजरपाट देखो साब. बगैर नीळ का."

"साइज?"

"एक टोपी का कपडा निकलता, उत्ता."

"आवाज?"

"कपडा आवाज करता क्या साब?"

आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत, म्हणून मला तो माणूस आवडला. तबकडी दिसली तेव्हा काय करत होता, असं त्यांनी विचारलं. अप्पा म्हणाले, "पूजा." साहेब म्हणाले, आजही करा, मी थांबतो.

दिवस मावळताना अप्पांनी गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि त्या काळ्याभोर लिंगावर नजर लावली. पापणी हलेना. गाव ताटकळलं. बऱ्याच वेळानं मान वर करून ते ओरडले, "ते बगा!"

वर काहीच नव्हतं. पुतण्या फिसकन हसला. साहेबांनी मात्र बूट काढले, अप्पांशेजारी मांडी घातली आणि त्या तळहाताकडे तसेच टक लावून बसले. मग त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

"दिखा," ते म्हणाले. "सफेद, गोल."

काळ्या वस्तूकडे फार वेळ पाहिलं, की तिचा पांढरा ठसा डोळ्यांत राहतो आणि तोच वर दिसतो, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. "अप्पा झूठ नहीं बोले," हे मात्र त्यांनी खास पुतण्याकडे बघून सांगितलं. पुतण्याची मान खाली गेली. मग ते अप्पांकडे वळले. पूजा तर गावात घरोघरी होते, तुम्हीच इतका वेळ का बसता?

"पयले नइ बैठता था," अप्पा म्हणाले. "अंदर से हाक आती थी, 'उठा, भाकरी निवायलीय.' उठनाच पडता था." लिंग डबीत ठेवत म्हणाले, "अब कोन उठाता साब?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा ओट्यावर पूजेला बसले. थोड्या वेळानं माझ्या आईनं भिंतीआडून हाक दिली, "अप्पा, उठा, भाकरी निवायलीय!"

अप्पा दचकले. "आलो, आलो," म्हणत त्यांनी लगबगीनं लिंग डबीत ठेवलं, आणि आमच्याकडे न येता ते स्वतःच्याच घरात शिरले. आत दिवा लागलेला नव्हता. जरा वेळानं बाहेर आले, उपरण्यानं डोळे पुसले आणि आमच्या पायऱ्या चढले.