न आलेला खोकला

दिपेशने आईचा अडुळसा स्वतःच्या सहीने तोडायला लावला. पण असं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण दिपेश गेले आठ दिवस तेच करतोय.

तर करंजाड्याच्या त्या सोसायटीत सभा होती. विषय पहिला: गेटजवळचा अडुळसा काढून दोन बाइकची जागा करणे. हा अडुळसा दिपेशच्या आईने, सगुणाआईने, माहेराहून, जासईहून, रिक्षात मांडीवर धरून आणलेला. विरोध करायला दिपेश जाणार, आणि नेमका त्याचाच घसा बसलेला. दोन शब्दांमागे एक खोकला.

आईने त्याच झाडाची पानं तव्यावर शेकली, ज्येष्ठमध, लवंग, खडीसाखर घालून विडा केला आणि त्याच्या गालात कोंबला.

"गालान धर. गिलू नको, थुकू नको. तुझी पाली येईपर्यंत घसा मोकला होतो का नाय बघ."

पाळी लगेच आली. अध्यक्ष नंदकुमार म्हणाले, "कोणाचा विरोध?"

दिपेशचं तोंड रसाने काठोकाठ भरलेलं. थुंकावं तर समोर 'येथे थुंकू नये' ही पाटी, दिपेशनेच पाठपुरावा करून लावलेली. बोलावं तर शेजारी रंजिता वहिनींची पांढरी ओढणी.

"बोला ना राव," नंदकुमार त्याच्याकडे बघून म्हणाले. "बोलता येत नसेल तर निदान खोकून दाखवा, तोही विरोध धरतो."

दिपेशने जीव तोडून खोकून पाहिलं. पण औषध आईचं होतं. तीन दिवसांचा खोकला मुळासकट गेला होता.

"कोणी नाही? एकमताने मंजूर. पुढचा विषय. सेक्रेटरी कोण होतंय?"

त्याच क्षणी दिपेशला हात वर करायचं सुचलं.

टाळ्या पडल्या. पाच वर्षांत आपणहून कोणी हात वर केला नव्हता. तोंडात आईने दिलेला विडा आहे, हे तिशीतल्या माणसाने चारचौघांत कसं सांगायचं? त्याने सगळा ऐवज गिळला. मग आवाज असा खणखणीत निघाला की गेटवरचा वॉचमनही वळला.

"आभारी आहे."

आई दारातच उभी. "आवाज निंगला का रं?"

"निघाला."

"मंग? झाड?"

दिपेश बराच वेळ चप्पल शोधत राहिला. ती पायातच होती.

तिसऱ्या दिवशी नव्या सेक्रेटरीच्या सहीने झाड तोडलं गेलं. चौथ्या दिवशी तिथे बाइक लागल्या. पाचव्या दिवशी नंदकुमार खोकत दारात आले. "काकू, अडुळशाची दोन पानं मिळतील का?"

"सेक्रेटरीला इचारा," आई म्हणाली, आणि सेक्रेटरीच्या ताटातली चपाती उचलून आत गेली.

शेवटी दिपेशने अर्ज लिहिला. सेक्रेटरी म्हणून त्यानेच तो घेतला, शिक्का मारला आणि फायलीला लावला. एकमताचा ठराव सेक्रेटरीला एकट्याने फिरवता येत नाही.

'विषय: सभेत न खोकल्याबाबत. महोदय, सदर सभेत मला न आलेला खोकला आला होता असे समजून तो विरोध म्हणून इतिवृत्तात नोंदवावा, झाड मागील तारखेपासून उभे धरावे, व तसे सचिवांच्या आईस लेखी कळवावे, ही नम्र विनंती.'