किल्ली अर्धी फिरवा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गाडी काढण्यापूर्वी हजेरी होते. माणसांची नव्हे, दिव्यांची. घेणारे वाघमारे काका. सरकारी गाड्यांच्या कार्यशाळेतून फोरमन म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ सकाळी आठाला इस्त्रीचा शर्ट घालून पार्किंगमध्ये हजर. तुम्ही गाडीत बसलात की काचेवर टकटक. "किल्ली अर्धी फिरवा!"

अर्ध्या किल्लीला डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटतात, इंजिन सुरू झालं की विझतात. काका खिडकीतून मान आत घालून एकेक मोजत. "जो विझत नाही तो सगळ्यांनाच दिसतो हो. जो पेटतच नाही, तो गेलाय हे कुणाला कळणार?" एवढं शहाणपण शिकवायला आमच्या हिंजवडीच्या कंपनीत दोन दिवसांचं ट्रेनिंग असतं, तेही जेवणासकट.

आमची ओळखच मुळी माझ्या गाढवपणामुळे झाली. माझ्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा सारखा पेटलेला असायचा. डोळ्यांना त्रास नको म्हणून मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. काकांनी ती नखानं सोलून माझ्या तळहातावर ठेवली.

"काय करता आपण?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"मग प्रोग्रॅम चुकला की पडद्यावर टॉवेल टाकता का?"

पुढे एकदा सहकुटुंब महाबळेश्वरला निघालो होतो. मी सहज म्हणालो, "काका, तो लाल किटलीचा दिवा जात नाहीये."

"किटली नाही, तेलाची बुधली आहे ती! आधी इंजिन बंद करा, चहा मग पाजतो."

गाडीखाली वाकून बघतो तर तेलाचं थारोळं. बायकोमुलांना घेऊन भर घाटात बसलो असतो. त्या दिवसापासून मी काकांचा शिष्य झालो.

"लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे आज. उद्याचा दिवा गाडीत नसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोलिसाला न घाबरणारी आमची सोसायटी काकांच्या धाकानं सीटबेल्ट लावायची. अपवाद एकच, काकांची बायको सुधाकाकू, वारज्याच्या शाळेत शिक्षिका. "वारज्याच्या शाळेपर्यंत तर जायचंय, साडी चुरगळते," म्हणत त्या तशाच बसायच्या आणि काका रस्ताभर ओरडायचे. काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून काकूंना शाळेत सोडायची ती छोटी गाडी हीच काकांची सोबत. रोज वारज्यापर्यंत एक चक्कर, एकटेच.

गेल्या महिन्यात ते माझ्या दारात आले. चेहरा पार उतरलेला.

"हँडब्रेक अर्धवट ओढलेला होता. लाल दिवा पेटलेला. वारज्यापर्यंत मला दिसला नाही."

"अहो, होतं एखाद वेळेस."

"होत नाही. डोळे गेलेत माझे. लाल म्हणजे आत्ता."

झालं! गाडी बिबवेवाडीच्या भाचीला द्यायची, पोचवायची मी, हे त्यांनी उंबऱ्यातच ठरवून टाकलं. जगाला लावलेला नियम या माणसानं स्वतःलाही लावला. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, अभिमानही वाटला.

रविवारी मी चालवायला बसलो, काका डावीकडे. त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. किल्ली अर्धी फिरवली, हजेरी झाली, इंजिन सुरू केलं, हँडब्रेक सोडला. सगळे दिवे विझले. एकच लाल उरला आणि टिंग टिंग सुरू झालं.

"काका, बेल्ट."

ते हलले नाहीत.

"दिवा धूसर दिसतोय, पण आवाज ऐकू येतोय," ते म्हणाले. "हा असाच वाजत असायचा. ती शाळेतल्या पोरांच्या गमती सांगत असायची आणि मी बेल्टवरून ओरडत असायचो. एक गंमत धड ऐकली नाही हो मी तिची."

बराच वेळ आम्ही ते टिंग टिंग ऐकत बसलो. मग काकांनी बेल्ट ओढला, खट्कन लावला. गाडी एकदम गप्प झाली.

"चला," ते म्हणाले. "वारज्यावरून घ्या."

कोथरूडहून बिबवेवाडीला वारज्यावरून कुणी जात नाही. मी गाडी वारज्याकडे वळवली.