आवाजाचा प्रकार: इतर

कोणताही आवाज ऐकण्यापूर्वी तो कोणत्या प्रकारात मोडतो हे ठरलं पाहिजे, नाहीतर समाज कुणाचंही ऐकत सुटेल. हा धोका ओळखूनच आमच्या कार्यालयात ध्वनी-फाईल ओळख व नोंदणी कक्ष स्थापन झाला. कक्ष म्हणजे एक टेबल, एक डेस्कटॉप आणि मी. (खुर्ची लेखा शाखेची आहे.) बाहेर पाटी आहे: 'येथे सर्व प्रकारचे आवाज ओळखले जातात.' क्रांती चौकात कुणालाही विचारा, सांगेल.

काम जोखमीचं आहे. फाईल आली की तिच्या नावाची शेपटी, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, बघायची. एमपीथ्री असेल तर हिरवं रजिस्टर, वेव्ह असेल तर निळं. शेपटी ओळखीची नसली तर 'इतर', आणि 'इतर'ला वरून मंजुरी लागते. एकवीस दिवस, सुट्या सोडून. अकरा वर्षांत मी चौदा हजार दोनशे आठ फायली नोंदवल्या. त्यांपैकी ऐकल्या शून्य, कारण संगणकाला स्पीकर नाही. मी एकदा मागितला होता. 'ऐकण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे' असा शेरा घेऊन कागद परत आला. दोन दिवस डोकं खाजवलं, प्रयोजन काही सुचेना. म्हटलं, कशाला हात दाखवून अवलक्षण? मागणी मागं घेतली. काटकसरीबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र टेबलाच्या काचेखाली आहे.

अशा सुरळीत कक्षात बुधवारी भागूबाई आल्या. दौलताबादला किल्ल्याखाली सीताफळं विकतात. रुमालाची गाठ सोडून त्यांनी नखाएवढं मेमरी कार्ड काढलं.

"साहेब, आमच्या मालकाचा आवाज हाय यात. सांडू नाव. दिवाळीच्या आधी गेले. दवाखान्यात पोरीसाठी बोलून ठिवलंय, सायलीच्या हळदीला वाजवा म्हणले. त्यांचा बटणाचा मोबाईल फुटला. दुकानदार म्हणतो, लई जुना प्रकार हाय, वाजत नाय."

"हळद कधी?"

"परवा."

मी कार्ड लावलं. फाईल एकच. शेपटी एएमआर, आणि चिन्हाच्या जागी कोरा पांढरा कागद. आली का पंचाईत! इतकं बेवारस प्रकरण माझ्या हयातीत आलं नव्हतं. मला बाईंची खरंच दया आली, म्हणून अर्ज मी स्वतः लिहून दिला. (एरवी देत नाही.) नाव, पत्ता, आवाजाचा कालावधी, आवाज देणाऱ्याची सही.

"त्ये तर गेले की वो."

"मग सही रिकामी सोडा. एकवीस दिवसांनी या."

"एकवीस दिसांनी पोरगी सासरी आसंल, साहेब."

तेव्हा मी नोकरीत पहिल्यांदा नियम वाकवला. 'एएमआर' खोडून तिथं 'एमपीथ्री' टाईप केलं. कोरा कागद जाऊन झकास सुरांची खूण उमटली. मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. "घ्या! आता मंजुरीसुद्धा नको."

"वाजवा की मग."

"वाजवणं आमच्या कक्षाकडं येत नाही."

भागूबाईंनी पदर डोळ्याला लावला. शेजारच्या लेखा शाखेच्या टेबलावरून रूपाली उठली. ही कंत्राटी ऑपरेटर, येऊन चारच महिने झालेत, त्यामुळं कामाचं गांभीर्य नाही. तिनं शेपटी पूर्ववत केली, कसलासा फुकटातला प्लेअर उतरवून घेतला, पर्समधून इअरफोन काढला आणि संगणकाचा डबा चहूबाजूंनी चाचपला.

"सर, इअरफोन कुठं घालायचा याला?"

जागा होती. तिच्यावर 'डेडस्टॉक क्र. ४७' ही चिठ्ठी होती. धूळ जाऊ नये म्हणून अकरा वर्षांपूर्वी मीच ती नेमकी तिथं चिकटवली होती. रूपालीनं नखानं खरवडून काढली.

एक टोक भागूबाईंनी कानात घातलं. दुसरं, देखरेखीसाठी, मी.

आधी खोकला आला. मग: "सायले, हळदीत रडू नको. आईला आधी जेवायला घाल, ती तशीच कामाला लागती. भागे, ऐकती ना तू?"

"ऐकती की," भागूबाई संगणकाला म्हणाल्या.

मी कानातलं टोक काढलं नाही. (याची तरतूद नियमांत नाही.) काहीतरी करायचं म्हणून रजिस्टर उघडलं. "प्रकार काय लिहू?"

"मालकाचा आवाज. लिव्हा की."

लिहिलं. फाईल खरोखर वाजेल अशी करून रूपालीनं सायलीच्या मोबाईलवर पाठवून दिली. एकूण वेळ सहा मिनिटं. विनापरवाना श्रवण केल्याबद्दल रूपालीला मेमो देण्यात आला. त्यात दुसऱ्या कानाचा उल्लेख करायचा राहून गेला.

जेवणाच्या सुट्टीत मी माझा मोबाईल काढला. माझी आई, लक्ष्मीबाई, हर्सूलला असते, इथून गाडीवर वीस मिनिटं. तिला टाईप करता येत नाही, म्हणून बोलून पाठवते. न ऐकलेले त्रेसष्ट संदेश होते. प्रकार सगळ्यांचा मला पाठ होता: ओपस. एकही 'इतर' नाही. पहिला लावला. चार सेकंदांचा.

"अभ्या, ऐकू येतं का रं?"

दुसराही तोच. तिसरा अजून लावलेला नाही.

असो. आतापर्यंत तुम्ही मला हसलात, ते योग्यच झालं. आता तुमचा मोबाईल काढा. प्रकार विचारत नाही मी. आकडा सांगा.